धरेल शे का? (लळिंग, एक दोर आणि आम्ही चौघं)

आग्रारोड | शनिवार, रात्री ९.४०

परवा माळा आवरताना एक गोणपाट निघालं. आत दोर. ट्रकवर ताडपत्री आवळायला वापरतात तसला, तीन पदरी, एकेकाळी पिवळा असलेला नायलॉनचा दोर. बायको म्हणाली, "कपडे वाळत घालायला घेऊ का?" मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की तिने स्टूल धरलेलं सोडून माझ्याकडे पाहिलं. म्हणून हा धागा. नाहीतर मी इथे फक्त वाचत असतो.

साल १९८५ ते ८८. धुळ्यातलं कॉलेज. जळगावचं विद्यापीठ यायचं होतं (ते १९९० ला आलं), मार्कशिटा पुण्याहून यायच्या. डोंगर म्हटलं की पुण्या-मुंबईची पोरं सह्याद्री म्हणायची आणि आम्ही गप्प बसायचो. आमच्याकडे वर सातपुडा, खाली सातमाळा आणि मध्ये पंचेचाळीस डिग्री.

आम्ही चौघं. मास्तर, पोस्टमन, दाढी आणि मी. मास्तर तेव्हाही मास्तरच होता, दुसऱ्याची वही तपासल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पोस्टमनचे वडील टपालखात्यात. दाढीला दाढी नव्हती, येत नव्हती, म्हणून दाढी.

सुरुवात लळिंगला झाली. रविवारी सायकली काढायच्या, आग्रा रोडने दहा किलोमीटर, गावात महादेवाच्या देवळाजवळ सायकली टाकायच्या आणि किल्ल्यावर. फारुकींचा किल्ला, वर टाकी, पडकी तटबंदी, समोर सगळं धुळं पसरलेलं. एकदा नीट वाटेने न जाता एका घळीतून घुसलो. पंधरा-वीस फूट वर गेलो आणि अडकलो. खाली एक शेळ्यावाला पोरगा बसला होता, आमच्यापेक्षा लहान. त्याने बराच वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "चढी त जाशात, उतरशात कसा?"

उत्तर नव्हतं. मग तोच अनवाणी वर आला आणि एकेकाचा पाय धरून खाचेत ठेवत आम्हाला उतरवलं. उतरल्यावर मास्तर म्हणाला, आपल्याला दोर पाहिजे.

पहिला दोर म्हणजे मास्तरच्या शेतातला मोटेचा नाडा. विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर बसली होती, नाडा रिकामाच होता. तो एवढा जड की चढणाऱ्यापेक्षा दोरच खाली ओढायचा. मग हा ट्रकचा दोर घेतला, वर्गणी काढून. याचा एक गुण असा की पीळ असल्यामुळे त्याला लटकलेला माणूस गरगर फिरतो. रॅपलिंग म्हणून दाढी पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याने लळिंग, कुरण, लांडोर बंगला, आग्रा रोड, पुन्हा लळिंग असं सगळं आठ वेळा पाहिलं आणि खाली येऊन ओकला.

मेखा लोहाराकडून. ट्रकच्या जुन्या पाट्याच्या. कॅराबिनर नावाची वस्तू (दोर अडकवायची झडपेची कडी) मी १९८९ पर्यंत हातात घेतली नव्हती. मेखेला दोरीचा फास आणि त्यातून दोर ओवायचा. प्रत्येक मेखेपाशी कमरेची गाठ सोडून दोर आतून घ्यायचा आणि पुन्हा बांधायचा, एका हाताने. आता लिहिताना तळहाताला घाम येतोय. डोक्यावर काही नाही. एक हेल्मेट होतं, स्कूटरचं, ते जो वर जाईल त्याला. पण त्यातून ऐकू यायचं नाही म्हणून कोणी घालायचं नाही.

आणि ऐकू येणं महत्त्वाचं होतं. मास्तरने कुठूनतरी शिकून आणलं होतं की पाय उचलण्याआधी वरच्याने खालच्याला विचारायचं, दोर धरलाय का, आणि उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. इंग्रजी शब्द त्याने पाठ केले होते. आम्ही दोनदा म्हणून पाहिले, तिसऱ्यांदा चौघंही हसत बसलो. शिवाय वाऱ्यात ते शब्द अर्धेच पोचायचे. मग पोस्टमनने सोपं केलं. वरून विचारायचं, "धरेल शे का?" खालून सांगायचं, "धरेल शे!" तो "शे" लांबवला की वाऱ्यालाही खाता येत नाही. (अहिराणी येत नसेल त्यांच्यासाठी: धरलेला आहे का? धरलेला आहे.)

आता तो दिवस. डिसेंबर १९८७. साक्रीकडे जाताना शेतांच्या मधोमध काळ्या दगडाच्या भिंती उभ्या दिसतात ना, कोणीतरी बांधून सोडून दिल्यासारख्या, त्यातली एक. तिला आम्ही इस्त्री म्हणायचो, एका बाजूने तशी दिसायची. उंची सत्तर फूट, दोराने मोजलेली. मास्तर पुढे. पोस्टमन खाली दोर धरून. तेव्हा दोर धरायची पद्धत म्हणजे कमरेमागून घ्यायचा, एक हात वर जाणाऱ्या दोरावर, दुसरा मागच्या दोरावर, आणि तो दुसरा हात देवाने सांगितलं तरी सोडायचा नाही.

मास्तरची कंबर ४३ फुटांवर असताना तो सुटला. ४० फुटांवरची मेख काचेसारखी तुटली. लोहाराने पाणी जास्त चढवलं होतं. खालची, ३२ फुटांवरची, राहिली. मास्तर थांबला तेव्हा त्याचे बूट जमिनीपासून पुरुषभर उंचीवर होते. म्हणजे पोस्टमनने जमिनीच्या सहा फूट आधी एक अख्खा माणूस उघड्या हातांनी धरला. उजव्या तळव्याची कातडी दोराबरोबर गेली, पांढरं दिसत होतं. मास्तरच्या दोन बरगड्यांना चीर. पण पोस्टमनने दोर सोडला नाही, मास्तर खाली टेकेपर्यंत नाही.

घरी काय सांगायचं? माझ्या काकांची राजदूत मी त्या दिवशी न विचारता आणली होती. सांगितलं, गाडी घसरली, पोस्टमनचा हात सायलेन्सरवर भाजला. दोन्ही घरांना पटलं. काकांनी मला वर्षभर चावी दिली नाही, आणि चार चांगल्या नातेवाइकांसमोर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे पोस्टमन सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेला होता. तिथे एका ज्योतिषाने त्याचा तळवा धरला आणि म्हणाला, मालक, तुम्हाला आयुष्यरेषा दोन आहेत. पाच रुपये जास्त घेतले.

बरगड्या भरल्यावर मास्तर उत्तरकाशीला गेला, नेहरू संस्थेत, बेसिक कोर्सला. परत आला तो एक वही घेऊन. वहीत एकच विषय, आपण काय काय चुकीचं करत होतो. बावीस पानं. ती वाचून झाल्यावर आम्ही जवळजवळ चढणं सोडलं. जिवंत राहिलो ते अज्ञानामुळे, हे लेखी हातात आल्यावर उत्साह टिकत नाही. १९९८ च्या मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचल्याची बातमी आली तेव्हा चौघं चहाच्या टपरीवर एकच पेपर धरून उभे होतो, आणि पोस्टमन म्हणाला, "त्याले खाले कोन धरेल व्हतं?" बातमीत ते नव्हतं.

दाढी सुरतेला कापड बाजारात गेला. आमच्या तिन्ही घरांतल्या लग्नांच्या साड्या त्याच्याकडून, भाव तो सांगेल तो. मास्तर खरोखर मास्तर झाला, आता निवृत्त. माझं दुकान. २००६ ला कर्ज काढायचं होतं, जामीन कोणी राहीना, सख्खा मेहुणा म्हणाला बघू. पोस्टमन बँकेत आला, कागद न वाचता सही करायला लागला. साहेब म्हणाले, वाचून तरी घ्या. तर म्हणतो कसा, "वाचानं काय त्यान्हामां, धरेल शे."

तर विचारायचं हे होतं. खानदेशात असं कोणी चढलंय का? आणि ज्याच्याबरोबर चढलात तो अजून आहे का संपर्कात?

---

कळणाभाकर | शनिवार, रात्री १०.०५

दंडवत. आठ फेऱ्या आणि ओकारीला मोठ्याने हसलो, घरचे जागे झाले. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मनमाड_पॅसेंजर | शनिवार, रात्री १०.३१

आहे ना. आम्ही मनमाडचे, म्हणजे तुमच्या हिशोबाने नाशिकवाले, पण १८६९ च्या आधी आमचा नांदगाव तालुका खानदेशातच होता, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

हडबीची शेंडी. अनकाईकडे जाताना गाडीतून दिसते, अंगठा वर केल्यासारखा सुळका. सगळे थम्स अप म्हणतात. लहानपणापासून रोज बघायचो, आणि एक दिवस असं वाटायला लागलं की तो अंगठा आपल्यालाच चिडवतोय. आमच्यातल्या दोघांनी रेल्वेत खलाशी म्हणून काम केलेलं, गाठी मारण्यात तरबेज. चढलो. वर काय केलं तर खालून जाणाऱ्या गाडीला हात केले. कोणी बघितलं नाही.

त्या दोघांपैकी एक भुसावळला गेला, एक दौंडला. गेली कित्येक वर्षं आम्ही तिघं फक्त प्लॅटफॉर्मवर भेटतो. गाडी थांबते तेवढा वेळ. फार बोलायचं नसतंच.

शंकासुर | शनिवार, रात्री ११.१२

लेखन चांगलं आहे, पण कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून मी. ताडपत्रीचा दोर, पाट्याच्या मेखा, हेल्मेट नाही, आणि तुटल्यावर घरी थाप. याला धाडस म्हणायचं? ज्यांच्या मेखा दोन्ही तुटल्या ते धागे काढायला उरत नाहीत, म्हणून आपल्याला नेहमी वाचलेल्यांच्याच गोष्टी ऐकायला मिळतात. उद्या हे वाचून कोणी अठरा वर्षांचा पोरगा ट्रकचा दोर घेऊन निघाला तर?

आग्रारोड | रविवार, सकाळी ६.५०

शंकासुर, शंभर टक्के सहमत. अठरा वर्षांच्या पोरा, वाचत असशील तर जाऊ नकोस. आधी शिक. मास्तरच्या वहीचं पहिलं वाक्य होतं, "आपण मेलो नाही हा पुरावा नव्हे."

बेसाल्ट_बुवा | रविवार, सकाळी ९.१८

तुमची इस्त्री म्हणजे डाइक. धुळे-नंदुरबार भागात या भिंतींचा मोठा झुबका आहे, बहुतेक पूर्व-पश्चिम गेलेल्या, म्हणजे साधारण तापी-नर्मदेच्या रोखाने. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास लाव्हाचे थरावर थर साचले, नंतर जमीन ताणली जाऊन भेगा पडल्या, त्यात खालून रस घुसला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा दगड झिजून गेला, भेगेतला कठीण म्हणून उभा राहिला. भिंत कोणी बांधली नाही, बाकीचं घर पडून गेलं.

चढणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे. थंड होताना दगडाला तडे जातात ते थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात. आडव्या पसरलेल्या लाव्हात त्यामुळे उभे खांब तयार होतात. डाइकमध्ये थंड व्हायच्या बाजू दोन्हीकडच्या उभ्या, म्हणून खांब आडवे पडतात, लाकडाच्या वखारीत ओंडके रचावेत तसे. त्यांची तोंडं बाहेर आलेली असतात. पाय ठेवायला पायऱ्याच, पण एखादा ओंडका सुटा असतो आणि तो कुठला ते हात घातल्याशिवाय कळत नाही. मास्तर सुटले ते त्यामुळे का?

आग्रारोड | रविवार, सकाळी ९.४०

बुवा! हो. अगदी असंच म्हणाला होता तो, "ड्रॉवर बाहेर यावा तसा दगड हातात आला." ३७ वर्षं मला वाटत होतं तो शब्द सजवून सांगतोय.

इस्त्री आता अर्धीच आहे, बरं का. खडीसाठी फोडली. मागल्या वर्षी गेलो तर ४० फुटांवरचा तो टप्पा हवेत होता.

तापीकाठची | रविवार, दुपारी २.२५

दादा, बायका चढत नव्हत्या असं वाटायला नको म्हणून लिहिते. मी यावलकडची. एन.सी.सी.तून ग्वाल्हेरला रॉक क्लायम्बिंगच्या कॅम्पला निवड झाली. भुसावळहून पंजाब मेल, आम्ही दोघीच मुली, बरोबर मॅडम. वडील स्टेशनवर सोडायला आले आणि मॅडमना म्हणाले, "उंचावर नका नेऊ." मॅडमनी गंभीरपणे मान डोलावली.

माझी जोडीदारीण चोपड्याची होती. पहिल्या दिवशी चिमणी चढायची होती. दोन कातळांमधली फट, पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला, आणि सरकत सरकत वर. मी मध्ये अडकून रडायला लागले. ही खालून दोर ताणून धरून मला तिच्या आईची मांड्यांची कृती सांगायला लागली. रवा-मैदा कसा भिजवायचा, पुरण किती घट्ट, हातावर मांडा कसा मोठा करायचा, खापरावर टाकताना मनगट कसं वळवायचं. मांडा खापरावरून उतरेपर्यंत मी वर पोचले होते.

परत आल्यावर वर्षभरात दोघींची लग्नं. माझ्या सासरी हे कोणालाच माहीत नव्हतं, सांगायचा प्रसंगच आला नाही. मुलगा सहावीत असताना त्याच्या शाळेच्या भिंतीवर अडकलेली पतंग काढायला मी पन्हळीवरून चढले, तेव्हा कळलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई." नंतर दोन दिवस त्या मला जरा जपून बोलत होत्या.

ती चोपड्याची अजून रोज रात्री साडेनऊला फोन करते. मधली दहा-बारा वर्षं आमच्याकडे एकमेकींचा नंबर नव्हता. तिने माझ्या माहेरच्या पत्त्यावर पत्र टाकलं, त्यात फक्त एवढंच, "दोर सोडला की काय?" आणि खाली नंबर. मी एकदा अस्तंब्याच्या यात्रेला तिच्याबरोबर जाऊन आले, धनत्रयोदशीला, पन्नाशी उलटल्यावर. रात्रभर चालत. ती पुढे, मी मागे, आणि चढ आला की ही कृती सांगायला सुरू.

कळणाभाकर | रविवार, दुपारी २.५०

ताई, यावर वेगळा धागा काढा. विनंती नाही, मागणी आहे.

क्रॅक_क्लाइंबर | रविवार, संध्याकाळी ७.०२

मी २६ वर्षांचा, मूळ पाचोऱ्याचा, सध्या पुण्यात. आठवड्यातून तीन दिवस कृत्रिम भिंतीवर चढतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला तेव्हापासून भिंतीवर गर्दी इतकी की रांग लावावी लागते. माझा बिले देणारा, म्हणजे खालून दोर धरणारा, दर वेळी वेगळा असतो, काही जणांची आडनावंही माहीत नाहीत. दोर आपोआप आवळणारं यंत्र असतं, त्यामुळे माणूस कोण याने फारसा फरक पडत नाही. तुमचं वाचून हेवा वाटला का भीती, ठरवतोय.

एक शंका, राग मानू नका. आकडे जुळत नाहीत. कंबर ४३ फुटांवर, शेवटची टिकलेली मेख ३२ वर. म्हणजे मेखेच्या वर ११ फूट दोर. माणूस मेखेखाली ११ फुटांवर थांबायला हवा, म्हणजे २१ फुटांवर. दोराचा ताण धरा पाच-सहा फूट, तुमचा दोर तसला होता म्हणून. कंबर पंधरा फुटांवर तरी यायला हवी. तुम्ही म्हणता बूट सहा फुटांवर, म्हणजे कंबर नऊ-साडेनऊवर. उरलेले पाच-सहा फूट दोर हातातून गेला. दोर धरणारा तयारीत असेल तर कमरेभोवतीच्या दोरात एवढं सरकत नाही. मोजमापात चूक असेल का?

आग्रारोड | रविवार, संध्याकाळी ७.३०

चूक नाही. मास्तरने नंतर दोर टाकून मोजलं होतं, त्याच्या वहीत आहे. नुसते हात होते रे बाबा, यंत्र नव्हतं. हातमोजेही नव्हते. सरकणार नाही तर काय होईल?

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ७.४४

पोरगा बरोबर विचारतोय.

टपालवाला | सोमवार, सकाळी १०.१५

(सदस्यकाल: २० मिनिटे)

मी पोस्टमन. मुलीने धागा वाचून दाखवला, मग म्हटलं खातं उघडून दे. टाइप तीच करतेय, मी बोलतोय.

पाचोऱ्याच्या भाऊचा हिशोब बरोबर आहे. मी तयारीत नव्हतो. मी बिडी पेटवत होतो. सवय नव्हती, ती माझी दुसरी की तिसरीच बिडी. डिसेंबरचा वारा, काडी विझत होती. मास्तरने वरून विचारलं, "धरेल शे का?" मी तोंडात बिडी धरून "धरेल शे" म्हटलं आणि मागचा हात सोडून काडीला आडोसा केला. दोर नुसता कमरेमागे होता. मग वरून आवाज आला, दगडाचा का माणसाचा कळलं नाही, आणि दोर पळायला लागला. तेव्हा धरला. आधी धरला असता तर हात भाजायचं कारण नव्हतं.

एवढी वर्षं लोकांनी हात बघून कौतुक केलं. आग्रारोडने तर प्रत्येक लग्नात. मी दर वेळी ठरवायचो, आता सांगू. सारंगखेड्याला तो दोन आयुष्यरेषा म्हणाला तेव्हा मला वाटलं याला तरी कळलं. बँकेत सही केली तीही त्याच हाताने केली, म्हणून न वाचता केली.

मास्तर, वाचत असशील तर काय बोलायचं ते बोल.

बेसाल्ट_बुवा | सोमवार, सकाळी १०.४०

...

तापीकाठची | सोमवार, सकाळी ११.०२

टपालवाले दादा, धरला ना शेवटी. सहा फूट आधी धरला.

शंकासुर | सोमवार, सकाळी ११.२०

मी काल जे लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. पण सकाळपासून चौथ्यांदा हा प्रतिसाद वाचतोय.

आग्रारोड | सोमवार, रात्री ९.५५

दिवसभर दुकानात लक्ष नव्हतं. पहिल्यांदा एक कबुली माझी. मी तो दिवस असा लिहिलाय जसा समोर उभा राहून बघितला. मी तिथे नव्हतो. मी वस्तीवरच्या विहिरीवर पाण्याची कॅन भरायला गेलो होतो. परत आलो तेव्हा मास्तर जमिनीवर आडवा, पोस्टमन हात काखेत दाबून बसलेला आणि दाढी त्याच्या तोंडाला पाणी नसलेली बाटली लावत होता. बाकी सगळं मी ऐकलेलं, आणि इतक्या वेळा सांगितलेलं की स्वतः पाहिल्यासारखं झालं.

संध्याकाळी मास्तरला फोन लावला. धागा वाचून दाखवला. पोस्टमनचा प्रतिसाद वाचताना माझाच आवाज बसला. मास्तर मधे काही बोलला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

म्हटलं, काय माहीत होतं?

म्हणाला, "उत्तर आलं ना खालून, ते तोंडात काहीतरी धरून आलं होतं. 'ध' नीट उमटलाच नाही. मी खाली पाहिलं. काडी पेटलेली दिसली. मी थांबायला पाहिजे होतं. नियम माझाच होता, नीट उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. मी म्हटलं, एक पाऊल तर आहे, आणि गेलो. आता चूक कोणाची लिहायची? वहीत मी दोघांची लिहिलीय. सतरावं पान."

म्हटलं, ती वही आम्ही तिघांनी वाचली होती!

म्हणाला, "सतरावं पान दाढीने आधीच फाडलं. बिडी त्याची होती."

मग सुरतेला फोन. दाढी दुकान बंद करत होता. म्हणाला, "हां, पान माझ्याकडेच आहे, लॉकरमध्ये, घराच्या कागदांबरोबर. का रे?" जसं काही मी लाइटबिल विचारतोय.

म्हणजे हिशोब असा. पोस्टमनला माहीत होतं. मास्तरला माहीत होतं. दाढीला माहीत होतं. तिघांपैकी कोणी दुसऱ्याशी कधी बोललं नाही. आणि चौथा मी, ३७ वर्षं त्या हाताच्या शौर्यकथा सांगत लग्नालग्नांतून फिरतोय, आणि हे तिघं शेजारी बसून पंगतीत जिलेबी खातायत.

राजदूतच्या शिव्या मात्र मी एकट्याने खाल्ल्या. काका गेले, नाहीतर आज तिघांना त्यांच्यापुढे उभं केलं असतं.

टपालवाला | सोमवार, रात्री १०.२०

मास्तरचा आत्ताच फोन येऊन गेला. पाऊण तास. त्यातली चाळीस मिनिटं त्याच्या गुडघ्याबद्दल.

आग्रारोड, तुझ्या काकांचं मी केव्हाही ऐकून घेतलं असतं. तू विचारलंच नाहीस.

क्रॅक_क्लाइंबर | सोमवार, रात्री १०.३३

काका, मला माफ करा, मी नुसतं गणित केलं होतं.

टपालवाला | सोमवार, रात्री १०.४१

तू काय माफी मागतोस भाऊ. चढताना खालच्याच्या तोंडात काय आहे ते बघत जा.

मनमाड_पॅसेंजर | सोमवार, रात्री १०.५०

मी उद्या भुसावळवाल्याला आणि दौंडवाल्याला फोन करणार आहे. आमच्यातही काहीतरी असणारच.

आग्रारोड | मंगळवार, सकाळी ७.०५

ठरलं. जानेवारीचा दुसरा रविवार, लळिंगच्या पायथ्याशी. दाढी सुरतेहून शनिवारी रात्रीच येतोय, सतरावं पान घेऊन. चढणार कोणी नाही, आधीच सांगतो, चौघांत मिळून चांगले गुडघे तीन आहेत. पाचोऱ्याचा पोरगा हवा तर चढेल, त्याचा स्वतःचा दोर आणावा. इथले कोणी येणार असतील तर या. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. वांगी, तेल, सगळा खर्च तिघांचा. माझा एक पैसा नाही.

तापीकाठची | मंगळवार, सकाळी ८.१५

येते. चोपडेवालीलाही आणते. पण भरीत धुळ्याच्या माणसांनी करायचं हे मला मान्य नाही. वांगी बामणोदची आणीन, भाजायला तुरकाट्या लागतील, त्यांची सोय करा. आणि त्यात टोमॅटो घातलेला दिसला तर मी परत जाईन.

कळणाभाकर | मंगळवार, सकाळी ८.२२

ताईंना +१. भाकरी माझ्याकडे लागली.

टपालवाला | मंगळवार, सकाळी ८.४०

तुरकाट्या आणतो. काडेपेटी दुसऱ्या कोणीतरी आणा.